एएसीच्या पन्हळीतलं लिंटेल : एका युक्तीची पार्श्वभूमी

गंगापूर रोड, पाथर्डी फाटा, आडगाव, म्हसरूळ या भागांत स्वतः उभं राहून घर बांधून घेणाऱ्यांकडून हल्ली एक प्रश्न वारंवार ऐकू येतो. भिंत एएसी ब्लॉकची (ऑटोक्लेव्ह्ड एरेटेड काँक्रीट, म्हणजे दाबाच्या वाफेत पक्के केलेले हलके, सच्छिद्र ठोकळे) घेतली, तर दारा-खिडक्यांवरचं लिंटेल, म्हणजे वरची भिंत पेलणारी आडवी पट्टी, तेवढी साध्या काँक्रीटची का? त्यापेक्षा एएसीचेच यू आकाराचे ठोकळे ओळीनं मांडावेत, त्यांच्या पन्हळीत सळई टाकून काँक्रीट भरावं. ठोकळे तिथेच राहतात, त्यामुळे बाजूच्या फळ्या वाचतात, भिंतीचा पृष्ठभाग एकजिनसी होतो आणि लिंटेलमधून आत येणारी उष्णताही अडते. मांडणी आकर्षक आहे. फक्त ही युक्ती ज्या भिंतींसाठी तयार झाली, त्या भिंती नाशकात कोणी बांधत नाही. बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतो.

जुन्या नाशकातल्या आणि पंचवटीतल्या वाड्यांना हा प्रश्न कधी पडलाच नाही. दारा-खिडकीची मोकळी जागा लहान असेल तर विटेची कमान आणि मोठी असेल तर सागाची जाड तुळई. साग पेठ, सुरगाणा, हरसूलच्या बाजूनं यायचा. लाकूड उष्णतेचं मंद वाहक, त्यामुळे दारावरचा भाग भिंतीपेक्षा जास्त तापला असं होत नसे. लोखंड-सिमेंट आल्यावर लिंटेल मजबूत झालं, वाळवीतून सुटलं आणि भिंतीतली सगळ्यांत तापणारी पट्टी बनलं. लाल विटेच्या भिंतीत हा फरक सहसा जाणवत नाही, कारण वीटही बऱ्यापैकी उष्णता वाहते. एएसीच्या भिंतीत मात्र तो उठून दिसतो.

एएसीचा जन्मही लाकडाला पर्याय शोधताना झाला. पहिल्या महायुद्धानंतर स्वीडनमध्ये इंधन आणि लाकूड दोन्ही जपून वापरायची वेळ आली होती. करवतीनं कापता येईल, उष्णता अडवेल, पण कुजणार नाही आणि जळणार नाही असं बांधकाम-साहित्य तिथल्या एका वास्तुविशारदाला हवं होतं. चुना, सिलिका असलेली भुकटी आणि ॲल्युमिनियमची पूड पाण्यात कालवली की हायड्रोजन सुटतो, मिश्रण फुगतं. ते घट्ट झालं की तारेनं कापायचं आणि दाबाच्या वाफेत, साधारण १८० ते १९० अंशांवर, कित्येक तास ठेवायचं. पेटंट १९२४ चं, कारखान्यातलं उत्पादन १९२९ पासूनचं.

सळई घातलेलं तयार लिंटेलही पुढे निघालं. पण एएसी सच्छिद्र असल्यानं आतल्या सळईला काँक्रीटसारखं संरक्षण मिळत नाही. सळई गंजरोधक लेपात बुडवूनच साच्यात ठेवावी लागते आणि हे काम कारखान्यातच होतं. साइटवर स्वतःच्या हातानं बांधणाऱ्याला ते शक्य नव्हतं. यू-ठोकळ्यानं ही अडचण सोडवली: सळईभोवती नेहमीचं काँक्रीट, त्याच्या बाहेर एएसीचं कवच.

या ठोकळ्याला खरं महत्त्व आलं ते १९७३ च्या तेलसंकटानंतर. पश्चिम जर्मनीत १९७७ पासून उष्णताबचतीचा नियम लागू झाला, पुढे १९८४ आणि १९९५ मध्ये तो आणखी कडक झाला. भिंती जाड होत गेल्या. ३०० मिलिमीटर, ३६५ मिलिमीटर एएसी ही तिथे नेहमीची गोष्ट. इतक्या रुंद भिंतीतल्या पन्हळीत बाहेरच्या बाजूला फोमची किंवा रॉकवूलची पट्टी उभी करायची आणि उरलेल्या जागेत काँक्रीट ओतायचं. हेतू होता आतली ऊब बाहेर जाऊ न देणं. लिंटेल गार राहिलं की आतल्या बाजूनं त्याच्यावर दव धरतं आणि खिडकीच्या वर काळी बुरशी येते. नाशिकमध्ये निफाडच्या बाजूला हिवाळ्यात पारा ५ अंशांखाली उतरतो खरा, पण घरात हीटर लावून खिडक्या बंद करून महिनोन्‌महिने बसणारं इथे कोणी नाही. आपली तक्रार एप्रिल-मेमधल्या पश्चिमेच्या भिंतीची.

भारतात हे तंत्रज्ञान १९७० च्या दशकात पुण्यात आलं. त्या उत्पादनाचं नाव महाराष्ट्रात इतकं रुळलं, की कितीतरी गवंडी आजही कुठल्याही कारखान्याच्या एएसीला ‘सायपोरेक्स’च म्हणतात. भारतीय मानकांत सळई घातलेल्या एएसी पाट्यांना १९७१ मध्ये जागा मिळाली, ठोकळ्यांचं मानक १९८४ चं आहे. तरीही बराच काळ हा माल मोठ्या इमारतींपुरताच राहिला. लाल वीट स्वस्त होती, गवंड्याच्या हातात बसलेली होती.

चित्र बदललं ते कोळशाच्या राखेमुळे. एएसीत लागणारी सिलिकावाली भुकटी म्हणून ही राख चालते. सप्टेंबर १९९९ च्या केंद्रीय अधिसूचनेनं औष्णिक वीजकेंद्रांच्या परिसरात राख वापरणं बंधनकारक केलं आणि पुढच्या दुरुस्त्यांत अंतराची मर्यादा वाढत गेली. नाशिकला राख दुरून आणायची गरज नव्हती, एकलहऱ्याचं केंद्र १९७० पासून आहे. आधी राखेच्या विटा आल्या. २०१० च्या आसपास गुजरातेत एएसीचे कारखाने भराभर उभे राहिले, तसे ठोकळे इथेही सहज मिळू लागले. घनमीटरला ५५० ते ६५० किलो वजन, म्हणजे लाल विटेच्या साधारण तिसरा हिस्सा. आरसीसी फ्रेमवरचा, म्हणजे कॉलम-बीमच्या सांगाड्यावरचा, भार कमी होतो म्हणून स्ट्रक्चरल इंजिनिअर खूश, काम भराभर होतं म्हणून ठेकेदार खूश.

मग भिंतींना चिरा दिसू लागल्या. लिंटेल जिथे संपतं, तिथून निघून तिरपी वर चढणारी किंवा लिंटेलच्या खालच्या-वरच्या कडेनं आडवी धावणारी बारीक चीर. एएसी आणि काँक्रीट वेगळ्या वेगानं पाणी पितात, वेगळ्या प्रमाणात आक्रसतात, ऊन लागल्यावर वेगळे फुगतात. दोघांच्या सांध्यावर एकच प्लास्टर ओढलं की ते तिथेच फाटतं. जाळी मारून हे बरंचसं आवरतं, पण जाळी मारायला विसरणंही तितकंच नेहमीचं. माझ्या मते नाशकात यू-ठोकळ्याची चौकशी वाढली ती या चिरांमुळे आणि सेंटरिंगवाल्याच्या (काँक्रीटसाठी फळ्या-टेकू लावणाऱ्याच्या) तारखांमुळे. उष्णतेचा मुद्दा नंतर चिकटला आहे. माहितीपत्रकांत क्रम उलटा असतो, तो भाग वेगळा.

आता वादाचा खरा मुद्दा. इथली बाहेरची भिंत बहुधा २०० मिलिमीटरची, अनेकदा १५० चीच. २०० मिलिमीटरच्या ठोकळ्यात दोन्ही बाजूंच्या भिंती ५०-५० धरल्या, तर पन्हळ उरते १०० मिलिमीटर. तिच्यात दोन्ही बाजूंना २० मिलिमीटर कव्हर (लोखंडाबाहेरचा काँक्रीटचा थर), सळयांना वेढणारी ८ मिलिमीटरची रिंग आणि खाली १० मिलिमीटरच्या दोन सळया बसवा. दोन सळयांमधलं अंतर उरतं २४ मिलिमीटर. काँक्रीटचं भारतीय मानक आयएस ४५६ सांगतं की हे अंतर खडीच्या आकारापेक्षा किमान ५ मिलिमीटर जास्त हवं. २० मिलिमीटरची नेहमीची खडी इथेच बाद होते, १० मिलिमीटरची बारीक खडी घेतली तरच काँक्रीट खाली उतरेल. आणि अजून फोम घातलेलाच नाही. ५० मिलिमीटरची पट्टी घातली तर कव्हर आणि रिंग मिळूनच ५६ मिलिमीटर मागतात, सळईचा प्रश्नच उरत नाही. परदेशी चित्रात दिसणारं फोमवालं लिंटेल नाशिकच्या भिंतीत भूमितीनंच नाकारलेलं आहे.

यावर दोन मतं आहेत. एक म्हणतं, फोम नाही तर यू-ठोकळा कशाला? दुसरं म्हणतं, कवचच पुरे. आकडे दुसऱ्या मताच्या बाजूनं आहेत. काँक्रीटची वाहकता १.६ आणि एएसीची ०.२ धरली, तर २०० मिलिमीटरच्या निव्वळ काँक्रीटचा उष्णतारोध येतो सुमारे ०.१२, तेवढ्याच जाड एएसी भिंतीचा १.०, आणि फोम नसलेल्या यू-लिंटेलचा ०.५६. म्हणजे साध्या लिंटेलच्या साडेचार पट, पूर्ण भिंतीच्या निम्म्याहून थोडा जास्त. एवढ्यावर समाधान मानायला हरकत नसावी. मात्र कवचाला ताकदीच्या हिशेबात धरायचं नाही. भार घेणारा भाग फक्त आतला १०० मिलिमीटरचा, आणि २०० उंचीच्या ठोकळ्यात तळाची जाडी वजा जाता तो १५० मिलिमीटर खोल. मीटरभर दाराला हे पुरतं. आठ फुटी स्लायडिंग खिडकीला पुरेल असं कोणी सांगत असेल, तर त्याच्याकडून सही-शिक्क्याचं डिझाइन मागावं.

दुसरी गाठ भूकंपाची. कोयनेचा धक्का १९६७ चा, किल्लारीचा १९९३ चा. किल्लारीनंतर लिंटेल बँड, म्हणजे सगळ्या भिंतींवरून अखंड फिरणारा काँक्रीटचा पट्टा, हे शब्द महाराष्ट्रात गावोगावच्या गवंड्यांपर्यंत पोचले. भूकंपरोधक बांधकामाचं मानक आयएस ४३२६, त्याची एक आवृत्तीही त्याच १९९३ सालची. त्यात बँडची रुंदी भिंतीच्या जाडीइतकी गृहीत आहे. भूकंपधोक्याच्या २०१६ च्या मानकात नाशिक तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या, क्षेत्रात येतं, आणि पेठ, सुरगाणा, दिंडोरीकडे सौम्य धक्के अधूनमधून जाणवतात. यू-ठोकळे घरभर फिरवून बँड केला तर काँक्रीट मिळतं निम्म्या रुंदीचं. तेवढी सळई घातली आहे ना, मग झालं, असं म्हणणारे भेटतात. ते मला पटत नाही. फ्रेम नसलेल्या, भिंतीवरच स्लॅब पेलणाऱ्या घरात पूर्ण रुंदीचा साधा बँडच करावा आणि उन्हाचा बंदोबस्त छज्ज्यानं किंवा बाहेरच्या थरानं करावा. कॉलम-बीमच्या घरात भिंत नुसती भरलेली असते, तिथे यू-लिंटेलला मोकळीक आहे.

स्वतः करण्याचा भाग त्या मानानं सरळ, पण एएसी काही चुका माफ करत नाही. खालून टेकू हवाच, कारण काँक्रीट पकडेपर्यंत ठोकळे फक्त सांध्याच्या केमिकलवर (ठोकळे चिकटवायच्या तयार मसाल्यावर) धरलेले असतात. पन्हळ आधी भिजवावी, नाहीतर कोरडा ठोकळा काँक्रीटमधलं पाणी ओढून घेतो आणि सळईजवळचा माल भुसभुशीत राहतो. व्हायब्रेटरची सुई घातली तर बाजूची भिंत फुटते, सळईच्या तुकड्यानं हलकं ठोसून बसवायचं. दोन्ही टोकांना टेकण्याची लांबी २०० मिलिमीटरपेक्षा कमी ठेवू नये, कारण खालचा ठोकळा चौरस मिलिमीटरला जेमतेम ३ ते ४ न्यूटन झेलणारा. खालचे टेकू १४ दिवस काढायचे नाहीत. मिस्त्री आठव्या दिवशी काढायला येतोच, कारण बल्ल्या त्याला दुसऱ्या साइटवर हव्या असतात.

तयार यू-ठोकळे नाशकात दर वेळी मिळतीलच असं नाही. मग अखंड ठोकळ्यात करवतीनं पन्हळ कोरतात, किंवा पातळ ठोकळे चिरून तीन तुकडे केमिकलनं चिकटवतात. कोरलेल्या ठोकळ्याचा आतला कोपरा कमजोर असतो, उचलतानाच पुष्कळ फुटतात. चिकटवलेला बरा, मात्र एक दिवस न हलवता ठेवावा लागतो.

नियमांचा दबाव या बाबतीत जवळपास नाही. घरांच्या बाह्य कवचासाठी २०१८ मध्ये इको निवास संहिता आली, पण ती ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडांचा विचार करते. दीड-दोन हजार चौरस फुटांच्या प्लॉटवरचा बंगला तिच्या कक्षेबाहेर आहे.

दरम्यान, नव्या आराखड्यांत लिंटेलच गायब होऊ लागलं आहे. खिडकी उंच हवी म्हणून ती थेट बीमच्या बुडापर्यंत नेतात. मग यू-ठोकळ्याला जागाच राहत नाही, आणि पश्चिमेच्या उन्हात तापायला संपूर्ण बीम आणि दोन्ही बाजूंचे कॉलम असतात. लिंटेलच्या कितीतरी पट क्षेत्रफळाचे, आणि बहुतेक घरांत वर फक्त प्लास्टर आणि रंग.