गायनासाठी माइकचा वापर (रंगमंचीय)

रंगमंचावर गाताना माइक तोंडापासून किती दूर, कोणत्या कोनात आणि कशा पकडीत ठेवायचा, याचे तंत्र. श्रोत्यांपर्यंत पोहोचणाऱ्या आवाजाची पातळी आणि त्याचा पोत मुख्यतः माइकपाशीच ठरतो. तिथे बिघडलेला आवाज मिक्सरवर (माइकांचे आवाज एकत्र करून त्यांची पातळी ठरवणाऱ्या यंत्रावर) थोडाफार सावरता येतो, पूर्ण सुधारत नाही. म्हणूनच ध्वनिव्यवस्था पाहणाऱ्याइतकीच ही गायकाचीही जबाबदारी आहे.

मैफलीत बहुतेक वेळा डायनॅमिक प्रकारचा (बाहेरून वीज न लागणारा), कार्डिऑइड माइक असतो. शूअर कंपनीचा १९६६ साली आलेला एसएम५८ हा त्याचा सर्वपरिचित नमुना. कार्डिऑइड माइक समोरचा आवाज पूर्ण घेतो, ९० अंशांतून बाजूने येणारा सुमारे ६ डेसिबलने कमी घेतो आणि थेट मागून येणारा सर्वांत कमी. कंडेन्सर माइक अधिक संवेदनशील असतो. त्याला सहसा मिक्सरकडून ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा (माइकच्या तारेतूनच जाणारी वीज) द्यावा लागतो, आणि तो भोवतालची वाद्येही सहज टिपतो.

अंतर

नेहमीच्या गायनासाठी ओठ आणि जाळी यांत २ ते ५ सेंटिमीटर अंतर ठीक. ते दुप्पट झाले की माइकमध्ये जाणारा आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. २.५ सेंटिमीटरवर गाणाऱ्याने मान जेमतेम तेवढीच मागे घेतली तरी एवढा फरक पडतो. ३० सेंटिमीटरवरून तेवढेच सरकल्यास मात्र १ डेसिबलही फरक पडत नाही. जवळून गाणाऱ्याला डोके स्थिर ठेवावे लागते ते यामुळेच. मान वळवताना माइकही तोंडाबरोबर वळला पाहिजे.

तार सप्तकातल्या जोरकस जागेला माइक १० ते १५ सेंटिमीटरपर्यंत दूर न्यावा आणि हळुवार ओळीला पुन्हा जवळ आणावा. ही हालचाल स्वर लागण्याच्या किंचित आधी सुरू व्हायला हवी. स्वर लागल्यावर हात मागे नेला तर आवाज आधी आदळतो आणि मग खचतो. मिक्सरवर कॉम्प्रेसर (मोठा आवाज आपोआप दाबणारी सोय) जोरात लावलेला असेल तर हालचाल आणखी कमी ठेवावी, कारण हात आणि कॉम्प्रेसर दोघेही एकाच वेळी पातळी सावरू लागतात.

अंतराबरोबर आवाजाचा रंगही बदलतो. दिशादर्शी माइक अगदी जवळ आणला की खालच्या कंप्रता उठून येतात. याला निकटता परिणाम म्हणतात. पातळ आवाजाला त्याने भरदारपणा मिळतो, पण जाड आवाज गढूळ होतो आणि शब्द कळेनासे होतात. अशा वेळी एक-दोन सेंटिमीटर मागे सरकावे किंवा मिक्सरवर ८० ते १०० हर्ट्झच्या खालचा भाग कापावा.

कोन

प, फ, ब, भ म्हणताना ओठांतून हवेचा झोत सुटतो. तो माइकच्या आतल्या पातळ पडद्यावर आपटला की स्पीकरमधून ‘धप्प’ असा आवाज येतो. तळहात तोंडासमोर धरून ‘फ’ आणि ‘भ’ म्हटले की झोत नेमका कुठे लागतो ते कळते. माइक त्या रेषेतून थोडा खाली, हनुवटीच्या बाजूला घ्यावा, मात्र त्याचा रोख ओठांकडेच राहू द्यावा. हवा पुढे निघून जाते, आवाज माइकमध्ये येतो. स, श टोचत असतील तर माइक थोडा तिरका केल्यानेही फरक पडतो, कारण बाजूने येणाऱ्या उच्च कंप्रता माइक कमी घेतो.

पकड

माइक दांड्याच्या मधोमध धरावा. जाळीवर मूठ आवळणे ही सर्वांत महागात पडणारी सवय आहे. ध्वनिग्राहक कुपीच्या मागच्या बाजूला असलेल्या छिद्रांतून शिरणाऱ्या ध्वनीमुळेच माइकला दिशा मिळते. ती झाकली की माइक चहूबाजूंचा आवाज घेऊ लागतो, मुठीतली पोकळी घुमते आणि स्पीकरमधून शिट्टी सुरू होते. शिट्टी आली म्हणून माइकवर तळवा ठेवणारे गायक ती वाढवतातच. बिनतारी माइकचा अँटेना बऱ्याचदा खालच्या टोकाला असतो. तिथे हात आला तर आवाज तुटू शकतो.

शिट्टी आणि मॉनिटर

माइकने घेतलेला आवाज स्पीकरमधून बाहेर पडून पुन्हा माइकमध्ये शिरला आणि फेरी वाढत गेली की शिट्टी, म्हणजे फीडबॅक होतो. कार्डिऑइड माइकच्या बरोबर पाठीमागे मॉनिटर (गायकाला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून त्याच्याकडे तोंड करून ठेवलेला स्पीकर) ठेवावा. सुपरकार्डिऑइड या अधिक अरुंद दिशेच्या माइकला मागच्या बाजूनेही थोडे ऐकू येते. त्याची सर्वांत कमी ग्रहणशक्ती सुमारे १२६ अंशांवर असते, म्हणून मॉनिटर मागे पण थोडे बाजूला हवेत. माइकची जात न पाहता मॉनिटर मांडणे ही नेहमीची चूक. दोन ओळींच्या मध्ये हात सैल सोडून माइक खाली लोंबकळत ठेवला तर त्याचे तोंड जमिनीवरच्या मॉनिटरकडे जाते, आणि शिट्टी नेमकी तेव्हाच येते.

चालू माइकांची संख्या दुप्पट झाली की फीडबॅकपूर्वीची सवड साधारण ३ डेसिबलने घटते. न लागणारे माइक बंद ठेवावेत. मॉनिटरमध्ये स्वतःचा आवाज कमी वाटला तर आधी माइकच्या जवळ यावे, मग मॉनिटरमधली इतर वाद्ये कमी करायला सांगावीत. पातळी वाढवून घेणे सर्वांत शेवटी.

साउंड चेक

साउंड चेकमध्ये ‘हॅलो, वन टू’ म्हणून भागत नाही. सर्वांत जोराची ओळ कार्यक्रमात जशी गायची तशीच पूर्ण ताकदीने आणि त्याच अंतरावर गावी, त्यावरच गेन (माइकचा आवाज मिक्सरमध्ये किती वाढवून घ्यायचा ते प्रमाण) ठरतो. चेकला गुणगुणणाऱ्या गायकासाठी गेन वाढवलेला राहतो आणि प्रत्यक्षात पहिल्याच तानेला आवाज फाटतो. माइक चालू आहे का हे पाहायला फुंकर मारू नये किंवा टिचकी मारू नये. रिबन माइकची पातळ पट्टी फुंकरीने फाटू शकते. बिनतारी माइकला कार्यक्रमापूर्वी नवे सेल घालावेत.

निगा

जाळी आणि तिच्या आतला स्पंज थुंकी व लिपस्टिकने भरला की आवाज मंद होतो आणि वासही येतो. काढता येणारी जाळी फिरवून वेगळी करावी, सौम्य साबणाच्या पाण्याने धुवावी आणि पूर्ण वाळल्यावरच पुन्हा बसवावी. कुपीला पाणी लागू देऊ नये. एकच माइक अनेकांनी वापरला असेल तर हे प्रत्येक कार्यक्रमानंतर करावे.