‘बाथरूममध्ये पाय घसरला’च्या पुढचा प्रश्न

कुठल्याही मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागातली नोंदवही चाळली, तर काही वाक्यं पुन्हा पुन्हा भेटतात. बाथरूममध्ये पाय घसरला. जिन्यावरून पडली. खोकल्याचं औषध समजून चुकून फिनाईल प्यायली. स्टोव्हचा भडका उडाला. यातले काही अपघात खरेच असतात, पण सगळे नसतात. २००९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात, २००१ या एका वर्षात भारतात जळून झालेल्या मृत्यूंचा अंदाज १ लाख ६३ हजारांहून अधिक निघाला. त्यांपैकी सुमारे १ लाख ६ हजार स्त्रिया होत्या, आणि त्यातल्या बहुतेक १५ ते ३४ वयाच्या. स्वयंपाक बायकाच करतात म्हणून असं होतं, हे उत्तर इथे पुरत नाही. पन्नाशीची सासूही त्याच चुलीपुढे आयुष्य काढते. मग जळते ती नवी लग्न झालेलीच का?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. त्यात १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी देशात साधारण २९ टक्के, तर महाराष्ट्रात २५ टक्के जणींनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगितलं. मला त्याहून अस्वस्थ करणारा आकडा दुसराच आहे. शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी ७७ टक्के जणींनी कुणाकडे मदत मागितली नाही आणि कुणाला सांगितलंही नाही. मदत मागणाऱ्या फक्त १४ टक्के. त्याही बहुतेक माहेरच्यांकडे गेल्या. पोलीस, वकील, डॉक्टर ही नावं यादीच्या तळाशी आहेत.

म्हणजे मदतकेंद्र उघडून दारावर पाटी लावली आणि बायका येण्याची वाट पाहत बसलं, तर दहापैकी सात-आठ जणी कधीच येणार नाहीत. मदत तिथे हवी, जिथे ती आधीपासून जातच असते. पोलीस चौकीची पायरी चढताना गल्लीतलं कुणी ना कुणी बघतं. दवाखान्यात जायला मात्र कारण लागत नाही. पोराची लस असते, सासूचं शुगर असतं, स्वतःची कंबर असते.

हा विचार मुंबईत प्रत्यक्षात आला तो २००० साली. वांद्र्याच्या के. बी. भाभा रुग्णालयात महापालिकेचा आरोग्य विभाग आणि ‘सेहत’ ही संशोधन संस्था यांनी मिळून ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं. आवारात एखाद्या संस्थेला खोली देऊन भागवलं, असं ते नव्हतं. केंद्र रुग्णालयाच्या कामाचाच भाग धरलं गेलं आणि तिथल्याच परिचारिका, डॉक्टर, कर्मचारी यांना शिकवून तयार केलं. पुढे कुर्ल्याच्या भाभा रुग्णालयात दुसरं केंद्र निघालं आणि नंतर राष्ट्रीय शहरी आरोग्य अभियानातून मुंबईच्या आणखी रुग्णालयांत ते पसरलं. इथल्या समुपदेशक केबिनमध्ये बसून राहत नाहीत, वॉर्डात जातात, नोंदी पाहतात. ‘चुकून विष घेतलं’ असं लिहिलेल्या तरुण स्त्रीच्या खाटेशी जाऊन बसणं, हा त्यांच्या कामाचा मोठा भाग आहे.

डॉक्टरांना आणि नर्सना इथे काय शिकवावं लागतं, ते समजून घेण्यासारखं आहे, कारण शरीर बरंच काही सांगत असतं. माणूस खरोखर पडतो तेव्हा हात पुढे टेकतो. खरचटतं ते तळवे, कोपरं, गुडघे, हनुवटी अशा पुढे आलेल्या हाडांवर. मारहाणीत मार बसतो तो चेहऱ्यावर, मानेवर, छातीवर, पोटावर, पाठीवर, म्हणजे बराचसा कपड्यांनी झाकल्या जाणाऱ्या भागावर. वार चुकवायला हात वर केला, तर मनगटापासून कोपरापर्यंतची करंगळीकडची बाजू काळीनिळी होते आणि कधी तिथलं हाड मोडतं. एकाच अंगावर ताजे आणि जुने व्रण शेजारी शेजारी असणं, ही आणखी एक खूण. (व्रणाच्या रंगावरून तो नेमका किती दिवसांचा हे ठरवता येतं, असा समज मात्र खरा नाही.)

आणि पुष्कळ जणींच्या अंगावर काहीच नसतं. तक्रार असते डोकेदुखीची, ओटीपोट दुखण्याची, झोप न लागण्याची, छातीत धडधडण्याची. तपासण्या सगळ्या नॉर्मल येतात आणि दर महिन्याला ती परत येते. सतत धास्तीत राहणाऱ्या शरीरात ताणाची संप्रेरकं वर चढलेलीच राहतात. त्यानं झोप बिघडते, पचन बिघडते, दुखणं तीव्र होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या अहवालानुसार जोडीदाराची हिंसा सोसलेल्या स्त्रियांमध्ये नैराश्य जवळपास दुप्पट आढळतं आणि कमी वजनाचं बाळ जन्मण्याची शक्यता १६ टक्क्यांनी वाढते. अशा बाईला ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या जातात. कितीतरी वर्षं जातात त्यात.

एका गोष्टीवर मला थांबायचं आहे, कारण ती सर्रास हलक्यात काढली जाते. ‘गळा धरला होता, पण सोडला लगेच.’ मानेच्या दोन्ही बाजूंनी मेंदूला रक्त नेणाऱ्या रोहिणी दाबून बंद करायला सुमारे पाच किलोचा दाब पुरतो. तो दहा सेकंद टिकला तर शुद्ध हरपते. धडधाकट पुरुषाच्या एका हाताच्या पकडीत याच्या कित्येक पट जोर असतो. आणि एवढं होऊनही मानेवर काही दिसेलच असं नाही. अमेरिकेत सॅन दिएगो इथल्या अशा ३०० प्रकरणांची पाहणी २००१ साली प्रसिद्ध झाली. त्यातल्या निम्म्या प्रकरणांत बाहेरून एकही खूण नव्हती. खुणा असतात त्या वेगळ्या: आवाज घोगरा होणं, गिळताना दुखणं, डोळ्यांच्या पांढऱ्या भागात लाल ठिपके, मधला काही वेळ आठवतच नसणं. रोहिणीच्या आतल्या अस्तराला चीर गेली, तर काही दिवसांनी पक्षाघाताचा झटका येऊ शकतो. म्हणून गळा दाबला गेला असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायला हवं. पुढचा धोका त्याहून मोठा. २००८ च्या एका अमेरिकन अभ्यासात, जोडीदारानं पूर्वी गळा आवळलेल्या स्त्रियांचा पुढे त्याच्याच हातून खून होण्याची शक्यता, मारहाण सोसणाऱ्या इतर स्त्रियांच्या तुलनेत सातपटींहून जास्त आढळली. ज्या घरात हे एकदा घडलं, त्या घरातलं प्रकरण ‘नवरा-बायकोचं भांडण’ या सदरात टाकणं म्हणजे तिच्या जिवाशी खेळ आहे.

मग विचारायचं कसं? येईल त्या प्रत्येक बाईला सरसकट हा प्रश्न विचारत सुटा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगत नाही. खुणा दिसल्या की विचारा, एकटीला विचारा, आणि विचारल्यानंतर पुढची मदत हाताशी असू द्या, असं तिचं सांगणं आहे. एकटीला, हेच अवघड. सोबत आलेला नवरा हलत नाही, तिच्या वतीनं उत्तरंही तोच देतो. अशा वेळी अनुभवी नर्स त्याला केसपेपरवर शिक्का आणायला खिडकीवर पाठवते. मधल्या पाच मिनिटांत प्रश्न सरळ विचारायचा: ‘घरी कुणी मारतं का? भीती वाटते का घरी?’ ऐकताना मध्ये थांबवायचं नाही, ‘तुम्ही काय केलं होतं?’ असं चुकूनही विचारायचं नाही. गोष्ट तुकड्यातुकड्यांत आली, आधीचं नंतर आणि नंतरचं आधी आलं, म्हणून ती खोटं बोलते आहे असं धरायचं नाही. घाबरलेला मेंदू घटना ओळीनं साठवत नाही. एखादा आवाज, एखादा वास लख्ख आठवतो आणि तारीख आठवत नाही. ती ‘नाही’ म्हणाली, तरी दार उघडं ठेवायचं. तिसऱ्या खेपेला ती बोलते.

आपल्याकडे यापुढची पायरी बहुतेकदा समेटाची असते. दोन्हीकडची चार मोठी माणसं बसतात, भांड्याला भांडं लागायचंच असं म्हणतात आणि तिला नांदायला परत पाठवतात. मुलाबाळांचा विचार करणाऱ्या माणसांचा हेतू वाईट असतोच असं नाही. पण समेटाला दोन बरोबरीच्या बाजू लागतात. जी बाई बोललेल्या प्रत्येक शब्दाची किंमत रात्री घरी चुकवणार आहे, ती त्या बैठकीत बोलणार काय? चांगली समुपदेशक आधी तिच्या सुरक्षिततेचं पाहते. मारहाण सुरू झाली तर स्वयंपाकघराकडे पळायचं नाही, तिथे सुरी आहे, गॅस आहे. आधार, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, मुलांचे दाखले यांच्या प्रती विश्वासातल्या माणसाकडे ठेवायच्या. शेजारणीशी एखादी खूण ठरवून ठेवायची. मोबाइल नवऱ्याच्या नजरेखाली असेल, तर बोलणं दुसऱ्या फोनवरून करायचं.

‘मग ती सोडून का जात नाही?’ हे विचारणाऱ्यांना एक गोष्ट सांगायला हवी. जॅकलिन कॅम्पबेल या अमेरिकन परिचर्या-संशोधिकेनं जोडीदाराच्या हातून होणाऱ्या बायकांच्या खुनांचा अनेक वर्षं अभ्यास केला आणि धोका मोजण्याची प्रश्नावली तयार केली. तिच्या कामातून वेगळं होण्याचा काळ हा सर्वांत धोक्याच्या काळांपैकी एक असल्याचं दिसलं. त्याच्या हातून ताबा सुटतो, तेव्हा तो बिथरतो. कधी निघायचं हे तिला ठरवू द्यावं लागतं, कारण त्या घरातल्या धोक्याचा अंदाज तिच्याइतका कुणालाच नसतो.

कायद्याची बाजू थोडक्यात. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-मानसिक आणि आर्थिक असे हिंसेचे चारही प्रकार त्यात येतात. घर कुणाच्याही नावावर असो, तिला त्यात राहण्याचा हक्क आहे. कोर्टानं तिच्यासाठी दिलेला संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद, वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. रुग्णालयानं तिच्यावर उपचार करणं हे कायद्यानं कर्तव्य आहे. पोलिसांत आज जायचं नसलं, तरी केसपेपरवर कुणी, कशानं, कुठे मारलं याची नीट नोंद करून घ्यावी. दोन वर्षांनी कोर्टात तो कागद कामी येतो. चौकीत नुसती एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद करून बोळवण होते, हा कित्येकींचा अनुभव. त्यावर उपाय म्हणून टाटा समाजविज्ञान संस्थेनं १९८४ सालीच मुंबई पोलिसांबरोबर महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. प्रशिक्षित समाजकार्यकर्ती थेट पोलिसांच्याच इमारतीत बसू लागली. पुढे हे कक्ष राज्यभर जिल्ह्या-जिल्ह्यांत गेले.

सोबतीनं फरक पडतो का, हेही तपासून झालं आहे. अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये निवारागृहातून बाहेर पडलेल्या २७८ स्त्रियांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले गेले. एका गटातल्या प्रत्येकीला दहा आठवडे, आठवड्याला चार ते सहा तास, एक प्रशिक्षित मदतनीस मिळाली. ती घर शोधायला, वकील गाठायला, मुलांच्या शाळेत जायला बरोबर असायची. पुढच्या दोन वर्षांत या गटातल्या चौघींपैकी एकीला हिंसेला पुन्हा तोंड द्यावं लागलं नाही. दुसऱ्या गटात हे प्रमाण साधारण दहांत एक होतं. चौघींत एक हा आकडा छोटा वाटेल. पण त्या मदतनीस बहुतेक कॉलेजच्या विद्यार्थिनी होत्या आणि त्यांची सोबत दहाच आठवड्यांची होती, हे लक्षात घ्या. युगांडात कंपाला शहरातल्या वस्त्यांमध्ये शेजारपाजारच्याच स्त्री-पुरुषांना तयार करून काही वर्षं गल्लोगल्ली बोलणं चालू ठेवलं. तिथे जोडीदाराकडून होणारी शारीरिक हिंसा तुलनेच्या वस्त्यांपेक्षा जवळपास निम्मी आढळली.

शेजाऱ्यांना आणखी एक माहीत असावं: कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याच्या चौथ्या कलमानुसार हिंसेची माहिती संरक्षण अधिकाऱ्याला (याच कायद्याखाली सरकारनं नेमलेला अधिकारी) कुणीही देऊ शकतं, आणि प्रामाणिकपणे दिलेल्या माहितीबद्दल देणाऱ्यावर कारवाई होत नाही. १८१ हा महिलांचा मदत क्रमांक आहे, जीव धोक्यात असेल तर ११२. २०१५ पासून सुरू झालेल्या ‘सखी’ वन स्टॉप सेंटरमध्ये वैद्यकीय, कायद्याची आणि पोलिसांची मदत एकाच छताखाली मिळते, राहायलाही मिळतं. पण ते साधारण पाच दिवस. पाच दिवसांत दुखापत उतरते. भाड्याची खोली, डिपॉझिट, पोरांची शाळा आणि महिन्याचा पगार उभा राहत नाही. महिनोन्महिने राहता येईल असा निवारा आणि हाताला काम, या दोन गोष्टींवर सरकारनं आणि आपण अजून पुरेसा पैसा टाकलेला नाही. वॉर्डात खाटेशी बसलेल्या समुपदेशकेला ‘ताई, इथून सुटल्यावर मी जाऊ कुठे?’ या प्रश्नाचं उत्तर द्यायला तोच पैसा लागणार आहे.