केनियातल्या खेड्यातील शाळेत मिशनच्या सेवेसाठी : परवानगी, पात्रता आणि कागदपत्रे

केनियातल्या एखाद्या खेड्यातील शाळेत सेवेला जायचे ठरले की मंडळीत पहिली चौकशी होते ती विमानाच्या तिकिटाची. तिकीट खरे तर शेवटी काढायचे असते. सुरुवात करायची ती शाळेच्या निमंत्रणपत्रापासून, कारण पुढचा प्रत्येक कागद त्या पत्राला धरून तयार होतो.

तिथल्या कितीतरी सरकारी शाळा चर्चने सुरू केलेल्या आहेत आणि आजही चर्च त्यांचे 'स्पॉन्सर' आहे. पण शाळेचा कारभार मुख्याध्यापक आणि व्यवस्थापन मंडळ पाहते. त्यामुळे तिथल्या पाळकसाहेबांचे पत्र एकटे पुरत नाही. मुख्याध्यापकांच्या सहीचे, शाळेच्या शिक्क्याचे पत्र मागा. त्यात पासपोर्टवर आहे तसेच पूर्ण नाव, पासपोर्ट क्रमांक, येण्या-जाण्याच्या तारखा, मुक्कामाचे ठिकाण आणि कामाचे स्वरूप लिहिलेले हवे. 'मुलांना मदत करणे' एवढ्या मोघम शब्दांवर अधिकारी प्रश्न विचारतात. 'ग्रंथालयाची पुस्तके लावणे, दुपारच्या वाचनवर्गात शिक्षकांना साहाय्य' असे नेमके लिहून घ्या. नावाच्या स्पेलिंगकडे विशेष लक्ष द्या. 'प्रज्ञा' हे नाव इंग्रजीत दोन-तीन प्रकारे लिहिले जाते आणि पत्रातले स्पेलिंग पासपोर्टशी जुळले नाही तर पत्र नव्याने मागवावे लागते.

आता परवानगी. केनियाच्या 2011 च्या नागरिकत्व व इमिग्रेशन कायद्यानुसार परवान्याशिवाय काम करणे हा गुन्हा आहे, मग ते काम मोबदल्यासाठी असो वा नसो. 'आम्ही पगार घेत नाही' हा बचाव तिथे चालत नाही. सगळ्यात जास्त गैरसमज याच ठिकाणी होतो.

जानेवारी 2024 पासून व्हिसाच्या जागी ईटीए ही ऑनलाइन प्रवास-परवानगी आली. भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्या प्रत्येकाला ती लागते. पासपोर्ट पोहोचण्याच्या दिवसापासून किमान सहा महिने वैध आणि त्यात एक तरी कोरे पान हवे. फोटो, विमानाचा तपशील, मुक्कामाचा पुरावा आणि निमंत्रणपत्र अपलोड करावे लागते. प्रवासाच्या आधी तीन महिन्यांच्या आत अर्ज करता येतो; निदान दोन आठवडे हाताशी ठेवा. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता '.go.ke' ने संपतो. हुबेहूब दिसणारी दलालांची संकेतस्थळे वरचे पैसे घेतात. प्रवासाचा हेतू 'पर्यटन' लिहून बॅगेत शिकवण्याचे निमंत्रणपत्र ठेवू नका. दोन कागद दोन गोष्टी सांगू लागले की विमानतळावर अडवले जाते.

ईटीए म्हणजे देशात शिरण्याची परवानगी, कामाची नव्हे. शाळा पाहणे, उपासनेला बसणे, मंडळींना भेटणे एवढेच असेल तर प्रश्न येत नाही. वर्गात, बांधकामावर किंवा आरोग्य शिबिरात हातभार लावणार असाल तर यजमान संस्थेला तुमच्यासाठी 'स्पेशल पास' काढायला सांगा. हा थोड्या मुदतीच्या कामासाठी असतो. वर्ष-दोन वर्षांच्या सेवेसाठी 'क्लास आय' परवाना लागतो. तो मान्यताप्राप्त धार्मिक वा धर्मादाय कामासाठीच आहे. दोन्ही अर्ज इमिग्रेशन खात्याच्या ऑनलाइन सेवेवर होतात. संस्थेचे नोंदणी प्रमाणपत्र, संस्थेच्या लेटरहेडवरचे विनंतीपत्र, पासपोर्टची प्रत आणि रंगीत फोटो ही त्यातली मुख्य कागदपत्रे. संस्थेची नोंदणी अद्ययावत नसेल तर अर्ज तिथेच अडतो, म्हणून प्रमाणपत्राची प्रत आधीच मागवून नीट वाचा. 90 दिवसांहून जास्त राहणाऱ्याला परदेशी नागरिक म्हणून वेगळी नोंदणीही करावी लागते.

पात्रतेबद्दल स्पष्टच सांगायला हवे. केनियात शिक्षक म्हणून काम करायला टीचर्स सर्व्हिस कमिशन या तिथल्या सरकारी शिक्षक आयोगाची नोंदणी बंधनकारक आहे. भारतातले बी.एड. असले तरी तुम्ही शिक्षकाची जागा घेऊ शकत नाही. नोंदणीकृत शिक्षक वर्गात असताना मदत करू शकता. मुलांसाठीही हेच बरे. पाहुणे तीन आठवड्यांनी निघून जातात, मुलांचे शिक्षक वर्षभर तिथेच असतात. धर्मशिक्षणाच्या बाबतीत 2013 च्या शिक्षण कायद्याने स्पॉन्सर चर्चला शाळेच्या आध्यात्मिक जडणघडणीत भूमिका दिली आहे, मात्र इतर पंथांच्या व धर्मांच्या मुलांची श्रद्धा जपण्याच्या अटीवर. प्रार्थनेला कोणाला बसवायचे हे शाळा ठरवते, आपण नाही. मारणे तर सोडाच, छडी उगारणेही नको. शारीरिक शिक्षेला कायद्याने बंदी आहे. मुलांचे फोटो शाळेला विचारल्याशिवाय कुठेही टाकू नका.

चारित्र्याचा दाखला बहुतेक संस्था मागतात आणि मागायलाच हवा. पासपोर्ट कार्यालयाचे पोलीस क्लिअरन्स प्रमाणपत्र पर्यटनासाठी जाणाऱ्यांना मिळत नाही. ते नोकरी, वास्तव्य, दीर्घ मुदतीच्या व्हिसासाठी असते. अल्पकाळ जाणाऱ्यांनी महाराष्ट्र पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र घ्यावे. अर्ज ऑनलाइन होतो, पण पडताळणी पोलीस ठाण्यातून होत असल्याने वेळ लागतो. सोबत आपल्या पाळकांचे किंवा फादरांचे शिफारसपत्र जोडा.

पिवळ्या तापाच्या लसीबाबत गोंधळ होतो. भारतातून थेट केनियात उतरताना तिचे प्रमाणपत्र लागत नाही. लागते ते परतताना. केनिया या रोगाचा धोका असलेल्या देशांत मोडतो, त्यामुळे प्रमाणपत्र नसेल तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. लस मान्यताप्राप्त केंद्रातच घ्यावी लागते आणि मूळ पासपोर्ट दाखवावा लागतो. प्रमाणपत्र लस घेतल्यावर दहा दिवसांनी वैध होते, मग आयुष्यभर चालते. एका कुपीत अनेक डोस असतात, म्हणून बऱ्याच केंद्रांत ठरावीक वारीच लस मिळते. महिनाभर आधी नोंदवा. अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी, गरोदरपण किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे चालू असल्यास डॉक्टरांना आधी सांगा.

तारखा ठरवताना शाळेचे वेळापत्रक पाहा. वर्ष जानेवारीत सुरू होते, तीन सत्रे असतात. एप्रिल, ऑगस्ट आणि नोव्हेंबर-डिसेंबरात सुट्ट्या पडतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात राष्ट्रीय परीक्षा असतात, तेव्हा बाहेरच्या माणसांची अडचणच होते. मार्च ते मे मोठा पाऊस, कच्च्या रस्त्यांवर गाड्या रुततात.

सामान भरताना प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगा काढून टाका. ऑगस्ट 2017 पासून केनियात त्यांवर बंदी आहे. वह्या-पेन्सिली कापडी पिशवीत बांधा.

व्हिक्टोरिया सरोवराकाठी आणि किनारपट्टीला मलेरिया जास्त. मलेरिया टाळण्यासाठी डॉक्सिसायक्लिन हे औषध घेत असाल तर जाण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून रोज, आणि तिथून निघाल्यावरही चार आठवडे. घरी आल्यावर औषध सोडून देणारे बरेच असतात. परतल्यावर काही महिन्यांत ताप आला तर डॉक्टरांना पहिल्या वाक्यातच सांगा की केनियात जाऊन आलो, आणि त्याच दिवशी रक्त तपासून घ्या.