कापलेलं कळत नाही, ताणलेलं कळतं

शेजारचे मामाजी आठवडाभर धास्तावलेले होते. शौचातून रक्त जात होतं म्हणून डॉक्टरांनी त्यांना कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, सांगितली होती. पारावर कुणीतरी तिचं भलतंच वर्णन करून ठेवलेलं. "गुरुजी, चिमट्यानं आतलं मास तोडते म्हन्ते. तवा किती दुखन जी?"

तेव्हाच तर काही दुखत नाही! विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्वीडनचे शल्यचिकित्सक कार्ल गुस्ताफ लेनांडर पोटाची कातडी तेवढी बधिर करून शस्त्रक्रिया करत. रोगी जागा असायचा. आतड्याला चिमटा लावला, कापलं, डागलं, तरी त्याला पत्ता नसायचा. आजही आतड्यात वाढलेला मांसाचा कोंब (पॉलिप) तारेच्या फासानं कापतात तेव्हा रोग्याला ते कळत नाही. अपवाद गुदद्वाराजवळच्या शेवटच्या दोनेक सेंटिमीटरचा. तिथं कातडीसारख्या नसा असतात.

मग लोक कळवळतात ते कशानं? ताणानं. ओला हिरवा चारा जास्त खाऊन पोट फुगलेली गाय आठवा. डावी कूस ढोलासारखी होते आणि ती आपल्याच पोटावर लाथा मारते. आतड्याच्या भिंतीत आणि आतडं ज्या पडद्याला टांगलेलं असतं त्यात नसांची टोकं असतात. भिंत ताणली की या टोकांच्या पटलातली बारीक दारं उघडतात, सोडियम-कॅल्शियमचे आयन आत घुसतात, विद्युत संदेश तयार होतो आणि तो मज्जारज्जूतून मेंदूकडे जातो. ताणानं उघडणाऱ्या दारांपैकी पिएझो नावाची प्रथिनं २०१० साली सापडली. त्या शोधासाठी आर्डेम पातापूटियन यांना २०२१ साली नोबेलचा वाटा मिळाला. मज्जारज्जूत हे संदेश पोटाच्या कातडीकडून येणाऱ्या संदेशांच्याच चेतापेशींवर येऊन पडतात. म्हणून "नेमकं कुठं दुखतं?" म्हटलं की माणूस बेंबीभोवती अख्खा तळवा फिरवतो.

मेळघाटात पोट फुगलेल्या तान्ह्या बाळाला अजूनही कुठं कुठं तापल्या विळ्याचे चटके देतात. त्याला डंबा म्हणतात. ज्या आतड्याला चटका कळतच नाही त्याच्या दुखण्यासाठी सगळ्यात जास्त कळणारी कातडी जाळायची! दवाखाना लांब आहे हे खरं, पण त्यानं चटक्याचं औषध होत नाही.

तपासणीत ताण दोन ठिकाणी येतो. एक वेटोळ्यांत. फवारणीच्या पंपाची नळी मागून रेटली की टोक पुढं जात नाही, मधेच बाक येतो. डाव्या बाजूच्या सैल, नागमोडी आतड्यात तेच होतं आणि पडदा ओढला जातो. म्हणून डॉक्टर दुर्बीण जरा मागं खेचून सरळ करतात, कूस बदलायला लावतात, सिस्टर पोट दाबून धरतात.

दुसरा ताण वायूचा. मिटलेलं आतडं उघडल्याशिवाय आत काही दिसत नाही. त्यासाठी साधी हवा भरली तर तिच्यातला ७८ टक्के नायट्रोजन रक्तात फारसा विरघळत नाही, तासन्‌तास पोट तडतडतं. कार्बन डायऑक्साइड पाण्यात त्याच्या ४०हून जास्त पट विरघळतो. गोळी सोड्यात भरतात तो हाच. आतड्याच्या भिंतीतून तो झपाट्यानं रक्तात उतरतो, म्हणून हवेऐवजी तो भरलेला बरा. काही ठिकाणी वायूऐवजी पाणी सोडत दुर्बीण पुढं नेतात, त्यानंही ताण कमी होतो.

इंजेक्शनं आहेतच. फेंटॅनिल दुखणं दाबतं, मिडाझोलाम गुंगी आणतं आणि पुष्कळांना तपासणी आठवतही नाही. दोन्हींनी श्वास मंदावू शकतो, म्हणून बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा लावतात. सोबत माणूस हवा, त्या दिवशी मोटरसायकल चालवायची नाही.

मामाजींनी सगळं ऐकून घेतलं. त्यांची शंका वेगळीच होती.

"मंग तो सोड्याचा वायू रक्तातून निंगते कुठून जी?"

"नाकातून, मामाजी. श्वासावाटे."

मामाजींनी धोतराचा सोगा नाकाला लावला.