विभागबदल (कलम ३७)

मंजूर विकास योजनेत एखाद्या जागेला दिलेला वापर विभाग (निवासी, वाणिज्य, औद्योगिक, शेती इ.) बदलून दुसरा लावण्याची वैधानिक प्रक्रिया. बोलण्यात 'झोन बदलून घेणे'. महाराष्ट्रात ती महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन आणि नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली होते आणि कागदोपत्री तिला 'फेरबदल' म्हणतात. रस्ता, बाग, शाळा अशा सार्वजनिक कामासाठी राखलेल्या जागेचे आरक्षण उठवणे ही वेगळी बाब. दहा वर्षांत संपादन न झालेल्या आरक्षणासाठी कलम १२७ ची खरेदी सूचना (जमीन घ्या, नाहीतर आरक्षण सोडा, अशी मालकाने दिलेली नोटीस) आहे. दोन्हींची गल्लत नेहमी होते.

बदल लागतोच का, हे आधी पाहावे. वाणिज्य विभागात खाली दुकाने, वर घरे अशी बाजारपेठेतली इमारत विकास नियंत्रण नियमावलीतच बसते. औद्योगिक विभागातली जमीनही ठरावीक सुविधा क्षेत्र सोडून, परवानगीने, निवासी किंवा वाणिज्य वापरात आणता येते. अशा प्रकरणात कलम ३७ चा अर्ज म्हणजे विनाकारण वर्ष-दोन वर्षांचा फेरा.

खरोखर गरज असेल तर अर्जाला सातबारा किंवा मिळकत पत्रिका, मोजणी नकाशा, झोन दाखला (जागा कोणत्या विभागात आहे ते सांगणारा), विकास योजनेचा भाग नकाशा (त्या जागेपुरता उतारा) आणि पोचरस्त्याचा पुरावा जोडतात. नियोजन प्राधिकरणाच्या, म्हणजे बहुधा महापालिकेच्या किंवा नगरपरिषदेच्या, सर्वसाधारण सभेत ठराव होतो. त्यानंतर राजपत्रात सूचना निघते, हरकती-सूचनांसाठी एक महिना मिळतो. ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांना स्वतंत्र नोटीस बजावून त्यांचे म्हणणे ऐकावे लागते. राजपत्रातील प्रसिद्धीपासून एका वर्षात प्रस्ताव शासनाकडे पोचला पाहिजे. मंजुरीचा अधिकार शासनाचा. संचालक, नगररचना यांचा सल्ला घेऊन ते प्रस्ताव जसाच्या तसा, बदल करून किंवा अटी घालून मंजूर करते, अथवा नाकारते. अधिमूल्य (प्रीमियम) भरण्याची अट अशाच मंजुरीत येते. सार्वजनिक हितासाठी तातडी असेल तर शासन पोटकलम (१कक) खाली स्वतःच सूचना काढू शकते.

प्रस्ताव अडतो तो बहुतेकदा जमिनीच्या वर्णनावर. 'स.नं. ४५/२ पै' एवढेच लिहिले, तर त्यातला 'पै' (पैकी) नेमका कोणता तुकडा हे नकाशाशिवाय कळत नाही. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, मिळकत पत्रिकेवर चौरस मीटरमध्ये असते. ०.४० हेक्टर म्हणजे ४० आर, म्हणजे ४,००० चौ.मी.; हे रूपांतर ठरावात एक आणि राजपत्रात दुसरे छापले गेले की शुद्धिपत्रक काढावे लागते. म्हणून चतुःसीमा आणि रंगवलेला नकाशा सूचनेसोबतच ठेवावा. वैयक्तिक नोटीस चुकवणे त्याहून महागात पडते. शेजाऱ्याने न्यायालयात तेवढाच मुद्दा धरला, तरी सगळी मेहनत पाण्यात जाऊ शकते.

कायद्याचा कणा मात्र एका शब्दात आहे. फेरबदलाने विकास योजनेचे 'स्वरूप' बदलता कामा नये. ते बदलत असेल तर कलम ३८ खालील सुधारित योजनेचाच मार्ग उरतो. किती बदल म्हणजे स्वरूप बदलणे, याचे मोजमाप कायद्यात दिलेले नाही. गिरणगावच्या वादात हाच प्रश्न पेटला. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ नुसार गिरणीची जमीन विकसित करताना तिचे मोकळ्या जागा, म्हाडाची घरे आणि मालक असे वाटे पडत. २००१ च्या फेरबदलाने हे वाटप मूळच्याच मोकळ्या जमिनीपुरते उरले. गिरणीच्या इमारती पाडून रिकामी होणारी जमीन त्यातून वगळली गेली आणि सार्वजनिक वाटा आक्रसला. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये याच्या विरोधात कौल दिला, सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये तो फिरवून फेरबदल कायम ठेवला. 'मोकळी जमीन' यासारखा नियमातला लहानसा शब्द शेकडो एकरांचे भवितव्य ठरवतो, हे इथे दिसले.

विभाग बदलला म्हणजे बांधकामाची मुभा मिळाली असे नाही. बांधकाम परवानगी वेगळी घ्यावी लागते आणि महसूल खात्याची आकारणीही भरावी लागते. भोगवटादार वर्ग-२ ची (शासनाच्या अटींवर दिलेली) जमीन असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि नजराणा (शासनाला भरायची रक्कम) हे विषय वेगळे राहतात. आणि अधिसूचना निघाल्यावर भाग नकाशावर दुरुस्ती झाल्याची खात्री करून नवा झोन दाखला घ्यावा. पुढची फाईल त्याच कागदावर चालते.