रायडिंग मोवरमधील इंधनपुरवठ्याचे दोष

चालकाने वर बसून चालवायच्या गवतकापणी यंत्राचे (रायडिंग मोवर) इंजिन सुरू होत नाही किंवा चालता चालता बंद पडते, तेव्हा पेट्रोल नेमके कोठे अडले हे टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत (पेट्रोल व हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागापर्यंत) क्रमाने शोधावे लागते. मोठी उद्याने, क्रीडांगणे आणि खारघरचे गोल्फ मैदान असलेल्या नवी मुंबईत या दोषांना पावसाळ्याची जोड असते. जून ते सप्टेंबर गवत झपाट्याने वाढते, पण जमीन इतकी भिजलेली असते की जड यंत्राची चाके रुततात. त्यामुळे ऐन हंगामात यंत्र आठवडेच्या आठवडे शेडमध्ये उभे राहते आणि टाकीतले पेट्रोल तसेच पडून राहते.

भारतात २०२३ पासून २० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल विक्रीस आले. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते. पाण्याचे प्रमाण मर्यादेपलीकडे गेले की पाणी व इथेनॉल पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसतात, आणि इंजिनाकडे जाणारी नळी बहुधा तळातूनच इंधन उचलते. अनेक लहान इंजिनांच्या माहितीपुस्तिकेत १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालते असे लिहिलेले असते. म्हणून पुस्तिका आधी पाहावी. तळातले थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत घेऊन पंधरा मिनिटे स्थिर ठेवल्यास खाली वेगळा थर दिसतो. असा थर दिसला, तर संपूर्ण टाकी रिकामी करावी. वरून ताजे पेट्रोल ओतून भागत नाही.

तपासणीपूर्वी यंत्र मोकळ्या हवेत आणावे, इंजिन थंड होऊ द्यावे आणि स्पार्क प्लगची वायर काढून ठेवावी. यंत्र वीस-एक मिनिटे चालून बंद पडत असेल आणि टाकीचे झाकण सैल करताच पुन्हा सुरू होत असेल, तर झाकणातील हवेचे छिद्र बुजलेले असते. गवताचा बारीक भुसा व धूळ यांमुळे हे नेहमी घडते, तरीही मिस्त्री आधी कार्बोरेटरच खोलतात, ही खेदाची गोष्ट आहे. त्यानंतर टाकीचा कॉक (पेट्रोल बंद-चालू करणारी तोटी), नळी आणि फिल्टर पाहावेत. फिल्टरवरील बाण इंजिनाच्या दिशेने असावा लागतो.

टाकी कार्बोरेटरपेक्षा खाली असलेल्या यंत्रांत पेट्रोल चढवण्यासाठी पंप असतो. अनेक यंत्रांत तो क्रँककेसमधील (इंजिनाच्या खालच्या बंद भागातील) दाबाच्या ठोक्यांवर चालतो. हे ठोके क्रँककेसमधून पंपाकडे नेणाऱ्या बारीक नळीला उष्णतेने तडा गेला, तर पंप चांगला असूनही पेट्रोल चढत नाही. कार्बोरेटरकडची नळी काढून तिचे टोक बाटलीत धरावे आणि, त्यापुरती स्पार्क प्लगची वायर जोडून, स्टार्टर फिरवावा: ठोक्याठोक्याने धार आली, तर दोष पुढे आहे.

पुढे म्हणजे कार्बोरेटरमध्ये. इंजिन फक्त चोकवर (हवा कमी करणारी झडप लावून) चालत असेल किंवा त्याचा आवाज चढत-उतरत असेल, तर जेटमध्ये (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक छिद्राच्या भागात) कचरा अडकल्याचा संशय घ्यावा. कार्बोरेटरखालची पेट्रोल साठवणारी वाटी उघडल्यावर तळाशी चिकट तपकिरी थर किंवा पांढरी भुकटी दिसते. जेटचे छिद्र क्लीनर व दाबाच्या हवेने साफ करावे. तार घातल्यास ते मोठे होते. वाटीखाली पेट्रोल सोडणारा-अडवणारा, विजेवर चालणारा सोलेनॉइड असल्यास चावी फिरवताच त्याचा टिक असा आवाज यायला हवा. याउलट काळा धूर येत असेल किंवा इंजिन ऑइलला पेट्रोलचा वास येऊन त्याची पातळी वाढली असेल, तर फ्लोटची सुई (वाटी भरल्यावर पेट्रोल थांबवणारी) नीट बसत नाही. अशा वेळी इंजिन मुळीच चालवू नये. सुई दुरुस्त करून ऑइल बदलावे.