हिपॅटायटिस सी: दोन चाचण्यांमागची पार्श्वभूमी

हिपॅटायटिस सी हा यकृताचा विषाणूजन्य आजार पूर्ण बरा झाला तरी अँटी-एचसीव्ही (एचसीव्ही म्हणजे हिपॅटायटिस सीचा विषाणू) या रक्तचाचणीचा रिपोर्ट पुढे कित्येक वर्षं पॉझिटिव्हच येतो आणि रुग्ण हबकतो. औषध लागू पडलं नाही, असा त्याचा अर्थ नसतो. ही चाचणी विषाणू शोधतच नाही. शोधते ती त्याच्याविरुद्ध शरीरानं बनवलेली प्रतिपिंडं. याचं मूळ १९७०च्या दशकात आहे.

रक्त चढवल्यावर होणाऱ्या काविळीला हिपॅटायटिस बी जबाबदार, असा तेव्हा समज होता. बीची तपासणी सुरू झाली, तरी यकृताला सूज आलेले रुग्ण येतच राहिले. १९७३ मध्ये हिपॅटायटिस एचा विषाणू सापडल्यावर अमेरिकी संशोधक हार्वी ऑल्टर आणि सहकाऱ्यांनी साठवलेले नमुने तपासले. त्यात एही नव्हता. मग ‘नॉन-ए, नॉन-बी’ हे कामचलाऊ नाव पडलं आणि १९८९पर्यंत टिकलं.

कारण हा विषाणू प्रयोगशाळेतल्या पेशींत वाढेना. शेवटी कायरॉन कंपनीत मायकेल हाउटन, क्वी-लिम चू आणि जॉर्ज कुओ यांनी, सीडीसी या अमेरिकी रोगनियंत्रण संस्थेच्या डॅनियल ब्रॅडली यांच्या साथीनं, उलट्या बाजूनं सुरुवात केली. बाधित चिंपांझीच्या प्लाझ्मातल्या (रक्तातल्या द्रवातल्या) आरएनए-डीएनए या जनुकीय द्रव्यांपासून बनवलेले डीएनएचे तुकडे जिवाणूंत घालून त्यांच्याकडून प्रथिनं बनवून घेतली आणि त्यांवर रुग्णाचं सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) सोडलं. सीरममधली प्रतिपिंडं विषाणूच्याच तुकड्याला चिकटतील, हा आडाखा. सुमारे दहा लाख क्लोन (एकेका तुकड्याच्या प्रती) चाळल्यावर एक हाती लागला! शोधच प्रतिपिंडांच्या आधारे लागला, म्हणून १९९० मध्ये आलेली पहिली चाचणीही प्रतिपिंडांचीच. तिची उणीव अशी, की लागण झाल्यावर प्रतिपिंडं तयार व्हायला साधारण दोन-तीन महिने जातात. तोवर रिपोर्ट निगेटिव्ह. ही फट पुढे विषाणूचाच आरएनए शोधणाऱ्या आरएनए चाचणीनं बरीच बुजवली.

औषधं मात्र रखडली. प्रतिकारशक्तीला चालना देणारं इंटरफेरॉन १९९१ मध्ये आलं, रिबाविरिन या विषाणूविरोधी औषधाची जोड १९९८ मध्ये. जिनोटाइप १ला (विषाणूच्या एका जनुकीय प्रकाराला) ४८ आठवडे इंजेक्शनं, त्यात ताप, नैराश्य, घसरणारं हिमोग्लोबिन. एवढं सोसूनही निम्म्याच्या आसपास रुग्ण बरे होत. खरी कोंडी १९९९ मध्ये फुटली: जर्मन संशोधक राल्फ बार्टेनश्लागर यांच्या गटानं यकृताच्या कर्करोगाच्या पेशींत स्वतःच्या प्रती काढणारा विषाणूच्या आरएनएचा तुकडा तयार केला. औषध थेट पेशींवर तपासता येऊ लागलं. २०१३ मध्ये सोफोसबुविर हे विषाणूवर थेट काम करणारं औषध मंजूर झालं. आता ४०० मिग्रॅ सोफोसबुविर आणि १०० मिग्रॅ वेल्पाटासविर यांची रोज एक गोळी, १२ आठवडे. ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होतात.

चूक होते ती आजूबाजूच्या गोष्टींत. ओमेप्राझोलसारख्या ॲसिडिटीच्या गोळीनं वेल्पाटासविर नीट शोषलं जात नाही. अमिओडारोन हे हृदयाच्या अनियमित ठोक्यांवरचं औषध चालू असेल तर हृदयाचे ठोके धोकादायक मंदावू शकतात. सी ओसरताच दबलेला बी उसळू शकतो, म्हणून सुरुवातीलाच बीची तपासणी हवी. गोळ्या संपल्यावर १२ आठवड्यांनी आरएनए सापडला नाही, तर रुग्ण बरा. पुन्हा लागण होऊ शकते. तीही आरएनए चाचणीतच कळते.